शाळेला जाणं आणि शाळेत जाणं : इंग्रजीतला ‘द’ ओळखायची मराठी रीत

मिरजेत नर्सिंगचं शिक्षण घेतलेली एक मुलगी परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला माझ्याकडं सांगलीला यायची. हुशार, शब्दसंग्रह चांगला, बोलायची भीती नाही. सरावाच्या मुलाखतीत वडिलांविषयी विचारल्यावर ती सहज म्हणाली, ‘माय फादर हॅज बीन इन हॉस्पिटल फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ तिचे वडील एका रुग्णालयात बारा वर्षं नोकरी करत होते. पण ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्याला या वाक्यातून एकच अर्थ लागतो : हा माणूस बारा वर्षं खाटेला खिळून आहे. काळ बरोबर, क्रियापद बरोबर, आणि तरी ऐकणारा हळहळून सहानुभूती दाखवणार. तिला म्हणायचं होतं, ‘ही हॅज वर्क्ड ॲट द हॉस्पिटल.’

शाळेत आपण शिकलो की ओळखीच्या, ठरावीक वस्तूमागं ‘द’ लावायचा. नियम खरा आहे. पण इंग्रजीत असे कित्येक शब्दसमूह आहेत जे ‘द’सकट एक अर्थ सांगतात आणि ‘द’शिवाय दुसरा, आणि तिथं हा एक नियम पुरा पडत नाही. माझं म्हणणं असं की तो फरक ओळखायला लागणारा कान मराठी माणसाला आधीच असतो, विशेषतः आपल्या कृष्णाकाठच्या बोलीत वाढलेल्याला. तो फक्त इंग्रजीच्या कामाला लावायचा राहिलेला असतो.

उच्चाराचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उदाहरणं वाचताना अडखळायला होणार नाही. पुढचा शब्द व्यंजनाच्या आवाजानं सुरू होत असेल तर ‘द’, स्वराच्या आवाजानं होत असेल तर ‘दी’. इथं अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. म्हणून ‘दी अवर’, पण ‘द युनिव्हर्सिटी’. स्पर्धा परीक्षावाल्यांनी ‘दी एमपीएससी’ आणि ‘द यूपीएससी’ ही जोडी पाठ केली तर पुन्हा कधी चुकणार नाही.

पहिली पायरी : मराठी कान जागा करा

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. ‘मी डॉक्टर शोधतोय.’ ‘मी डॉक्टरांना शोधतोय.’ पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात एक ठरलेले डॉक्टर आहेत, ते आत्ता कुठंतरी गेलेत आणि आपण त्यांच्या मागावर आहोत. इंग्रजीत पहिल्याला ‘अ डॉक्टर’ आणि दुसऱ्याला ‘द डॉक्टर’. मराठीत ‘द’ हा शब्द नाही एवढंच. त्याचं काम आपण कधी विभक्तीनं करतो, कधी ‘तो’, ‘ती’, ‘ते’ लावून करतो, कधी नुसत्या शब्दांच्या जागेनं करतो.

आता दुसरी जोडी, ही खास आपल्याकडची. ‘पोरगं शाळेला जातंय.’ ‘मी दाखला आणायला शाळेत गेलो होतो.’ आपल्या भागात शिकणाऱ्या पोराबद्दल बोलताना तोंडात ‘शाळेला’ येतं, ‘कॉलेजला आहे’ येतं. इमारतीबद्दल, तिथल्या खोलीबद्दल, आवाराबद्दल बोलायचं झालं की ‘शाळेत’. बोलीत याला अपवाद खूप आहेत, त्यामुळं याचा नियम करू नका, खूण म्हणून लक्षात ठेवा. ‘शाळेला’ म्हणताना डोळ्यासमोर इमारत नसते, शिकणं असतं. इंग्रजीत नेमकं हेच ‘द’ काढून टाकल्यानं साधतं. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शाळेला जाणं, शिकणं. ‘गो टू द स्कूल’ म्हणजे त्या शाळेत, त्या इमारतीत जाणं.

दुसरी पायरी : जागा की जागेचं काम?

ज्या शब्दांना ही रीत लागू पडते ते मोजके आहेत : स्कूल, कॉलेज, युनिव्हर्सिटी, क्लास, हॉस्पिटल, प्रिझन आणि जेल, कोर्ट, चर्च, बेड. ती जागा ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी माणूस तिथं असेल तर ‘द’ नाही. दुसऱ्या कामासाठी गेला असेल, किंवा आपण नुसत्या इमारतीबद्दल बोलत असू, तर ‘द’ हवा.

सांगलीकराला लगेच पटेल असं उदाहरण तुरुंगाचं. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्याआधीच्या दिवसांबद्दल लिहायचं तर ‘वसंतदादा वॉज इन प्रिझन’. ते कैदी होते, तुरुंगाचं जे काम तेच त्यांच्याबाबत चाललं होतं. पहारेकरी मात्र ‘इन द प्रिझन’ असतो, तिथं वस्तू पुरवणारा ‘टू द प्रिझन’ जातो, आणि आज ती जागा बघायला जाणारा विद्यार्थीही ‘टू द प्रिझन’च जातो. ‘ही वेंट टू प्रिझन’ असं त्या विद्यार्थ्याबद्दल चुकून लिहिलंत तर त्याला शिक्षा झाली असा अर्थ होईल.

‘बेड’चं नर्सिंगवाल्यांनी नीट बघावं. ‘आय वेंट टू बेड’ म्हणजे मी झोपायला गेले. ‘आय वेंट टू द बेड अँड चेक्ड हिज पल्स’ म्हणजे मी त्या खाटेजवळ जाऊन त्याची नाडी बघितली. रात्रपाळीचा अहवाल लिहिताना यातला ‘द’ गळला तर ड्युटीवर झोपल्याची कबुली दिल्यासारखं होईल. रुग्ण ‘इन बेड’ असतो, घडी घातलेली चादर ‘ऑन द बेड’ असते.

‘कोर्ट’मध्ये ‘गो टू कोर्ट’ म्हणजे दावा लावणं, कज्जा नेणं. जमिनीच्या वादात ‘वी विल गो टू कोर्ट’. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाताना मात्र ‘निअर द कोर्ट’.

आता सावध करायच्या दोन गोष्टी. पहिली, अमेरिकेत रुग्णालाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात. तुमची मुलाखत ब्रिटन, आयर्लंडसाठी असेल तर वरचा फरक पाळा. अमेरिकी माणूस ‘इन द हॉस्पिटल’ म्हणाला तर तो चुकला असं समजू नका. दुसरी, ही यादी आपल्या मनानं वाढवायची नाही. गणपतीच्या देवळात आपण पूजेलाच जातो, देवळाचं जे काम त्यासाठीच, म्हणून ‘गो टू टेंपल’ म्हणावं असं तर्कानं वाटतं. पण रूढ इंग्रजीत ‘गो टू द टेंपल’. मशीद, बँक, स्टेशन, मार्केट, लायब्ररी, पोस्ट, सगळ्यांना ‘द’. चर्चला सूट आणि देवळाला नाही, यामागं न्याय शोधू नका. ज्या समाजात ती भाषा घडली त्याच्या रोजच्या वापरात जे शब्द घासून गुळगुळीत झाले त्यांचा ‘द’ गळाला. ‘होम’ तर इतका गुळगुळीत झाला की त्याच्यामागचा ‘टू’सुद्धा गळाला : ‘गो होम’.

तिसरी पायरी : ‘ऑफिस’ आणि ‘बोर्ड’

हे दोन शब्द वरच्या यादीतले वाटतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना सगळ्यांच्या परिचयाचा, तर तिथलंच उदाहरण घेऊ. ‘द चेअरमन इज इन दी ऑफिस’ म्हणजे अध्यक्ष कार्यालयात बसलेत, जाऊन भेटा. ‘द चेअरमन इज इन ऑफिस’ म्हणजे ते पदावर आहेत, मग आत्ता घरी असोत नाहीतर मुंबईला. ‘आउट ऑफ दी ऑफिस’ म्हणजे बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील. ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणजे पद गेलं. रजेवर असताना ईमेलला आपोआप जाणाऱ्या उत्तराच्या मथळ्यात ‘आउट ऑफ ऑफिस’ असतं, ती मथळ्याची काटकसर आहे. तुमच्या साहेबांबद्दल पाहुण्याला सांगताना ती उचलू नका.

‘शी इज ऑन द बोर्ड’ म्हणजे ती संचालक मंडळावर आहे. ‘शी इज ऑन बोर्ड’ म्हणजे ती गाडीत, जहाजात, विमानात चढलेली आहे. मिरज जंक्शनवर बहिणीला बसवून दिल्यावर घरी कळवायचं ते ‘ऑन बोर्ड’.

चौथी पायरी : शब्दयोगी की नाम?

अर्ज, अहवाल, कार्यालयीन पत्रं यांत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘ऑफ’वाल्या जोड्यांत. मुलं त्या पाठ करतात आणि परीक्षेत उलट्या लिहितात. पाठ करायची गरज नाही, मराठीत आणून बघा.

‘इन फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बससमोर. ‘इन द फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बसच्या पुढच्या भागात. पहिल्यात तीन इंग्रजी शब्द मिळून एकच मराठी शब्दयोगी अव्यय झालं : समोर. दुसऱ्यात ‘फ्रंट’ हे नाम जिवंत राहिलं : पुढचा भाग. भागाकडं बोट दाखवता येतं, म्हणून ‘द’. पोरगं एसटीत पुढच्या सीटवर बसलंय हे सांगताना ‘द’ गाळलात तर ते चाकांसमोर उभं आहे असा अर्थ होतो.

हीच कसोटी पुढं लावा. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे कुणाच्या तरी ताब्यात, देखरेखीखाली. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ : परिचारिका वॉर्ड सांभाळते. ‘द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ : वॉर्ड परिचारिकेच्या ताब्यात आहे. ‘ताबा’ हे नाम आहे, आणि तो कुणाचा ते पुढं लगेच सांगितलंय. म्हणजे ठरावीक ताबा, म्हणून ‘द’. आता ‘द पेशंट इज इन चार्ज ऑफ द नर्स’ असं लिहिलं तर काय झालं? रुग्णच परिचारिकेवर देखरेख ठेवतोय! ‘इन पझेशन ऑफ’ आणि ‘इन द पझेशन ऑफ’ ही जोडी अगदी याच धाटणीची. ज्याच्याकडं जमीन आहे तो मालक ‘इन पझेशन ऑफ द लँड’, आणि ती जमीन ‘इन द पझेशन ऑफ दी ओनर’. सातबाऱ्याशी ज्यांचं काम पडतं त्यांनी हे वाक्य टेबलावर लिहून ठेवावं.

‘इन व्ह्यू ऑफ’ म्हणजे पाहता, लक्षात घेता : ‘इन व्ह्यू ऑफ द हेवी रेन’, मुसळधार पाऊस पाहता. ‘इन द व्ह्यू ऑफ’ म्हणजे कुणाच्या तरी मते : ‘इन द व्ह्यू ऑफ द कमिटी’. मत हे पुन्हा नाम, आणि ते समितीचं.

‘इन केस ऑफ’ म्हणजे झाल्यास. ‘इन द केस ऑफ’ म्हणजे बाबतीत. आपल्याकडं हा फरक पावसाळ्यात कळतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. सूचनेत लिहायचं ते ‘इन केस ऑफ फ्लड, मूव्ह द कॅटल टू हायर ग्राउंड’ : पूर आल्यास जनावरं उंचावर हलवा. आणि अहवालात लिहायचं ते ‘इन द केस ऑफ सांगली’ : सांगलीच्या बाबतीत. सूचनेत चुकून ‘इन द केस ऑफ फ्लड’ लिहिलं तर लोक अंदाजानं समजून घेतील, पण ‘आल्यास’मधली अट त्यातून निघून जाते.

‘इन फ्यूचर’ला ‘ऑफ’ नाही, पण कसोटी तीच चालते. ब्रिटिश वापरात ‘इन फ्यूचर’ म्हणजे यापुढे, आणि ‘इन द फ्यूचर’ म्हणजे भविष्यात. उशिरा आलेल्या कामगाराला ‘प्लीज बी ऑन टाइम इन फ्यूचर’, यापुढे वेळेवर या. ‘आय वॉन्ट टू बी अ टीचर इन द फ्यूचर’, मला भविष्यात शिक्षक व्हायचंय. ‘यापुढे’ हे अव्यय, ‘भविष्य’ हे नाम. अमेरिकेत दोन्हीकडं ‘इन द फ्यूचर’ चालतं.

कसोटी कुठं तुटते तेही सांगायला हवं. ‘फॉर द सेक ऑफ’ म्हणजे सरळ साठी, शब्दयोगीच, तरी त्यात ‘द’ आहेच. आणि ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ला कुठलीही कसोटी लावू नका. त्याचा अर्थ ‘शक्यच नाही’, आणि त्यात ‘द’ कायम ठेवायचा. जुन्या इंग्रजीत ‘आउट ऑफ क्वेश्चन’चा अर्थ ‘निःसंशय’ असा जवळजवळ उलटा होता, तो आता कुणी वापरत नाही. निःसंशय म्हणायचं असेल तर ‘बियाँड क्वेश्चन’ म्हणा.

पाचवी पायरी : काळ आणि मापं

आज गुरुवार आहे असं धरा. ‘लास्ट वीक’ म्हणजे गेल्या सोमवारच्याही आधीचा, संपलेला आठवडा. ‘फॉर द लास्ट वीक’ म्हणजे आजपासून मागं मोजलेले सात दिवस. डॉक्टरांना ‘आय हॅड फीव्हर लास्ट वीक’ सांगितलं तर ताप येऊन गेला. ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर द लास्ट वीक’ सांगितलं तर ताप आजही आहे. औषध या एका ‘द’वर बदलू शकतं, म्हणून मी इथं थांबून मुलांकडून पाच-पाच वेळा म्हणून घेतो. ‘नेक्स्ट मंडे’ म्हणजे आजच्या हिशेबानं येणारा सोमवार. ‘द नेक्स्ट मंडे’ म्हणजे गोष्टीतल्या एखाद्या दिवसानंतरचा सोमवार, तो कधीच होऊन गेलेला असू शकतो.

सांगलीच्या हळद बाजारात एक फेरी मारली की मापांचा नियम पाठ होतो. हळद क्विंटलवर विकली जाते : ‘सोल्ड बाय द क्विंटल’. हमाली पोत्यावर ठरली तर ‘पेड बाय द बॅग’, रोजंदारीवर ठरली तर ‘पेड बाय द डे’. एककाच्या नावामागं ‘द’. पण मोजण्याच्या प्रकाराला तो नाही : ‘सोल्ड बाय वेट’, वजनावर. आणि ‘बाय डे’ हे तर वेगळंच, त्याचा अर्थ दिवसा. रखवालदार ‘स्लीप्स बाय डे’, दिवसा झोपतो, आणि ‘इज पेड बाय द डे’, त्याला रोज मिळतो.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ची जोडी प्रत्येक परीक्षेत येते, म्हणून थोडक्यात. पहिल्याचा अर्थ ‘बरेच’, क्रियापद अनेकवचनी. दुसऱ्याचा अर्थ ‘संख्या’, क्रियापद एकवचनी.

सहावी पायरी : नावं

देव कृष्ण आणि नदी कृष्णा. देवनागरीत आपण त्यांना एका कान्यानं वेगळं करतो. रोमन लिपीत दोघांचं स्पेलिंग एकच, तिथं हे काम ‘द’ करतो. ‘द कृष्णा इज राइझिंग’ म्हणजे नदीला पाणी चढतंय. ‘द’ काढला तर वाचणाऱ्याला देव नाहीतर त्या नावाचा माणूस उठून उभा राहताना दिसेल. नद्यांना ‘द’, डोंगररांगांना ‘द’, पण एकट्या डोंगराला नाही : ‘द वेस्टर्न घाट्स’, पण नुसतं ‘अजिंक्यतारा’.

गावाच्या नावाला ‘द’ लागत नाही. तरी ‘द सांगली ऑफ विष्णुदास भावे’ असं म्हणता येतं, आणि ते मला फार आवडतं. १८४३ साली ज्या सांगलीत भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं ती तेवढ्यापुरती वेगळी सांगली, अनेक सांगल्यांमधली एक. नाटकावरून आठवलं : ‘ऑन स्टेज’ म्हणजे आत्ता रंगमंचावर उभा. ‘ऑन द स्टेज’ला जुन्या ब्रिटिश वापरात आणखी एक अर्थ आहे, नाटकाच्या व्यवसायात असणं. ‘शी स्पेंट थर्टी इयर्स ऑन द स्टेज’ म्हणजे ती तीस वर्षं रंगभूमीवर होती, एकाच प्रयोगात नव्हे.

माणसांच्या नावांचं बघायला विजय हजारे घेऊ, ते सांगलीचेच, जन्म १९१५चा. ‘मिस्टर हजारे कॉल्ड’ म्हणजे आपल्या ओळखीच्या हजाऱ्यांचा फोन आला. ‘अ मिस्टर हजारे कॉल्ड’ म्हणजे कुणी हजारे म्हणून होते, मी ओळखत नाही. आणि ‘दी’ असा लांब, जोर देऊन उच्चार करत ‘दी विजय हजारे?’ म्हणजे ते, आपले, जगाला माहीत असलेले हजारे? इथं मात्र पुढं व्यंजन असूनही ‘दी’ होतो, कारण जोर द्यायचाय. १९५२ साली मद्रासला भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा ‘हजारे वॉज कॅप्टन’. एकाच माणसाला मिळणारं पद असं क्रियापदानंतर आलं की ‘द’ गाळता येतो.

‘द पाटील्स’ म्हणजे पाटलांच्या घरची सगळी मंडळी. आणि ‘इंग्लिश’ म्हणजे भाषा, ‘दी इंग्लिश’ म्हणजे इंग्रज लोक. ‘आय वॉन्ट टू मास्टर दी इंग्लिश’ असं अर्जात लिहिणाऱ्याला भाषेवर प्रभुत्व हवंय, पण वाचणाऱ्याला वाटेल की इंग्रजांवर हवंय.

वाद्यांना ‘द’, खेळांना नाही. मिरजेतल्या कारागिरानं घडवलेली सतार वाजवणारा ‘प्लेज द सितार’, आणि संध्याकाळी तालमीजवळच्या मैदानात ‘प्लेज कबड्डी’. मैफिलीच्या पत्रिकांत ‘प्लेज सितार’ही दिसतं, ते चालतं.

रोजचा सराव

एक वही घ्या आणि पान उभं दुमडा. डावीकडं ‘द’ नसलेला शब्दसमूह, उजवीकडं असलेला, आणि दोन्हीखाली मराठी वाक्य स्वतःच्या घरातलं, गावातलं. पुस्तकातलं उतरवू नका, ते डोक्यात राहत नाही. रोज दोनच जोड्या. इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचा, प्रत्येक ‘द’ला गोल करा आणि स्वतःला विचारा : कोणता? उत्तर देता आलं तर तो ‘द’ तुम्हाला कळला. जिथं ‘द’ असावा असं वाटलं पण नाही, तिथं फुली मारा. फुल्यांची जागा हीच तुमची अभ्यासाची जागा. मथळ्यांवरून मात्र शिकू नका. जागा वाचवायला मथळ्यांतून आणि पाट्यांवरून ‘द’ सर्रास काढतात, आणि आपली बरीच मुलं नेमकी तिथूनच इंग्रजी उचलतात. मथळ्याखालचा मजकूर वाचा.

आठवड्याच्या शेवटी एक मराठी वाक्य असं निवडा ज्यात तोच शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा काम वेगळं करतो. त्याचं इंग्रजी करा. त्या नर्सिंगच्या मुलीनं शेवटच्या तासाला स्वतः तयार करून आणलेलं वाक्य असं होतं : आजोबा दवाखान्यात आहेत, आणि आई डबा घेऊन दवाखान्यात गेलीय. ‘माय ग्रँडफादर इज इन हॉस्पिटल, अँड माय मदर हॅज गॉन टू द हॉस्पिटल विथ हिज लंच.’